बाईंचं काळं रिव्हॉल्व्हर

एर्लांगेनच्या शस्त्रांच्या दुकानात शिरल्यावर बाईंनी आधी खुर्ची मागितली.

"मला वेळ लागणार आहे," त्या दुकानदाराला जर्मनमध्ये म्हणाल्या, "आणि ही माझ्याबरोबरची मुलगी उभी राहून कंटाळेल. तिलाही एक द्या."

दुकानदार साठीचा, जाड मिशांचा, कातडी ॲप्रन घातलेला गृहस्थ होता. बंदुका विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्यानं आम्हा दोघींकडे पाहिलं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, त्याच्या भिंतीवरच्या रायफली बघून आधीच बिचकलेली. आणि बाई! उंची जेमतेम पाच फूट, पन्नाशी ओलांडलेली, सुती सलवार-कमीज, त्यावर पुरुषी विंडचीटर, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी क्लिप लावलेली सलवार, पाठीवरच्या सॅकमध्ये जेवणाचा डबा.

"कुणाला भेट द्यायची आहे का?" त्यानं अदबीनं विचारलं.

"नाही. फोर्टी-फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर. माझ्यासाठी," बाई म्हणाल्या आणि आपला हिरवा परवाना काउंटरवर ठेवून, क्लिपा न काढताच खुर्चीत बसल्या.

आज इतक्या वर्षांनीही बाई आठवल्या की मला तो प्रसंग आधी आठवतो. वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या ज्या कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहायचे, तिथेच त्या भौतिकशास्त्रज्ञ होत्या. मूळच्या नागपूरच्या. ऑफिसातले जर्मन त्यांना 'फ्राउ डॉक्टर' म्हणत. मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हणाले तर म्हणाल्या, "मॅडम म्हटलं की मला पर्स घ्यावीशी वाटते. बाई म्हण." तेव्हापासून बाई.

कुठलीही वस्तू त्यांना चटकन पसंत पडत नसे. छत्री घ्यायची तर दुकानातली प्रत्येक छत्री उघडून, मिटून बघत. राहतं घर त्यांनी खिडकीच्या कडीवरून निवडलं होतं. मालक स्वयंपाकघर दाखवत होता, तळघर दाखवत होता आणि या आपल्या एकच खिडकी उघडत होत्या, लावत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ज्यानं कडी इतकी नीट बसवली, त्यानं नळ वाईट बसवला नसेल." बसवला नव्हताही. मला भाजी चिरायला सुरी घ्यायची होती, तेव्हा त्यांनी मला दुकानात डोळे मिटून उभं केलं आणि एकेक सुरी हातात देत राहिल्या. "डोळ्यांना काय, चकचकीत काहीही आवडतं. हाताला विचार." आजूबाजूची माणसं पाहत होती. मला लाज वाटत होती. ती सुरी मात्र अजून माझ्याकडे आहे.

ऑफिसात त्यांची आणखी एक ख्याती होती. आमची यंत्रं माणसाच्या शरीराच्या आतली चित्रं काढत. चाचणी घेताना कुणाला तरी त्या बोगद्यासारख्या नळीत झोपवावं लागे आणि तो माणूस हलला की चित्र पुसट येई. धडधाकट जर्मन तरुण आत चुळबुळत, कुणाचं नाक खाजे, कुणाला घाबरायला होई. बाई आत गेल्या की दगडासारख्या पडून राहत. बाहेर आल्या की सँडल चढवत विचारत, "आलं का स्वच्छ?" स्वच्छच आलेलं असे. "मी लहानपणी एका खोलीत सात माणसांत झोपलेली आहे," त्या म्हणत. "हललं की कुणाच्या तरी तोंडात पाय."

नेमबाजीचा नाद त्यांना जत्रेत लागला. आमच्या भागात उन्हाळ्यात गावोगाव जत्रा भरतात. बिअर, भाजलेले मासे, पाळणे आणि छऱ्याच्या बंदुकीचे स्टॉल. स्टॉलवर काड्यांना प्लास्टिकचे गुलाब लावलेले असतात. काडी तुटली की गुलाब तुमचा. ऑफिसची सगळी मंडळी गेलो होतो. एक सहकारी बायकोसाठी गुलाब पाडायचा प्रयत्न करून थकला, तेव्हा बाईंनी हातातलं मक्याचं कणीस माझ्याकडे दिलं आणि बंदूक उचलली. आधी दोन छरे वाया घालवले. "ही डावीकडे खाते," म्हणाल्या. त्यानंतर त्या स्टॉलवाल्याकडे एकही गुलाब उरला नाही. आम्ही सगळे छातीवर प्लास्टिकचे गुलाब लावून परत निघालो. बसस्टॉपवर बाई एकदम म्हणाल्या, "अगं, मला हे येतं! पन्नास वर्षं झाली, कुणी सांगितलंच नाही."

पुढच्याच आठवड्यात त्या गावाबाहेरच्या नेमबाजांच्या संघात जाऊन धडकल्या. इथे अशा संघाला फेराईन म्हणतात आणि प्रत्येक गावाला एक असतोच. या फेराईनचा प्रमुख, म्हणजे शुट्झेनमाइस्टर, बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक उंचापुरा म्हातारा होता. हिरवा कोट, हिरवी टोपी, टोपीत पीस. बोलायचं त्याला फारसं आवडत नसे. दारात उभ्या असलेल्या बाईंना पाहून तो म्हणाला, "केकचा स्टॉल पुढच्या रविवारी आहे."

"केक मला येत नाही," बाई म्हणाल्या. "नेम येतो असं वाटतंय. ते तपासायचंय."

म्हाताऱ्यानं त्यांच्या हातात हवेचं पिस्तूल दिलं आणि सांगितलं, वर्षभर हेच. बाईंनी वर्षभर तेच केलं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सायकल काढत, बर्फ असला तर बसनं जात. मग लहान काडतुसांचं पिस्तूल आलं. आणि मग एका शुक्रवारी बाईंनी त्याला सांगितलं की आता मला स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, फोर्टी-फोर.

जर्मनीत शस्त्र नुसतं हवं म्हणून मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते, आणि या माणसाला या खेळासाठी या शस्त्राची गरज आहे, असं फेराईनला लिहून द्यावं लागतं. शुट्झेनमाइस्टरनं नकार दिला. "हात लहान आहेत तुमचे. थ्री फिफ्टी-सेव्हन घ्या. आकडा मोठा, पण गोळी लहान, धक्का कमी. ते तुमच्यासाठी बरोबर."

मी त्यांना म्हटलंही, "बाई, मग थ्री फिफ्टी-सेव्हनच घ्या की. तेही मोठंच असतं ना?"

"उत्तम असतं. पण त्याला सगळेच 'तुमच्यासाठी बरोबर' म्हणतात," बाई म्हणाल्या. "माझ्यासाठी काय बरोबर आहे ते लोकांनी मला जन्मापासून सांगितलंय. शाळेत कुठं बसायचं तेसुद्धा. मोठं मला झेपलं नाही तर मी परत देईन. पण आधी ते माझ्या हातात तर येऊ दे."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी म्हाताऱ्याशी वाद घातलाच नाही. म्हणाल्या, "फेराईनचं फोर्टी-फोर काढा. तुम्ही माझ्यामागे उभे राहा. हात माझा, निर्णय तुमचा."

मी काचेपलीकडून बघत होते. पहिल्या गोळीला रिव्हॉल्व्हर त्यांच्या कपाळापर्यंत उसळलं. कानावरचं संरक्षण एका बाजूला सरकलं. म्हातारा पुढे झुकला, पण त्यांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं. रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, मनगट झटकलं, तळव्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ थोडी वर धरली, पाय किंचित रुंद केले आणि चक्रीतल्या उरलेल्या गोळ्या घाईघाई न करता एकामागोमाग एक झाडल्या. तारेवरून कागद सरकत जवळ आला. पहिलं भोक कुठंतरी वर भरकटलेलं होतं. बाकीची सगळी एका बशीखाली झाकली गेली असती.

म्हातारा कागदाकडे पाहत राहिला. मग खिशातून चष्मा काढून म्हणाला, "कुठं सही करायची?"

आमच्या मराठी लोकांत मात्र कुजबुज सुरू झाली. न्युरेम्बर्गला एका कुटुंबाच्या घरी बुद्धपौर्णिमेला सगळे जमले होते. वंदना झाली, खीर वाढली जात होती. एका इंजिनिअरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, बुद्धाच्या माणसाच्या हातात बंदूक? पंचशीलात बसतं का हे?"

बाई खीर वाढत होत्या, त्या थांबल्या नाहीत. "मी कागदावर गोळी मारते. कागदाला प्राण नसतो. मागच्या महिन्यात माझ्याकडे सावजी कोंबडीचा रस्सा कोणी दोनदा मागून घेतला होता?" सगळे हसले. हशा ओसरल्यावर मात्र त्या त्याला हळूच म्हणाल्या, "तुझा प्रश्न चुकीचा नाही. मीही विचारला होता स्वतःला. त्या वेळी मनात कुणाबद्दल राग नसतो रे. असला तर नेम बसत नाही."

परवाना आला आणि मग सुरू झालं खरं काम, निवडीचं. त्या वर्षी बाईंच्या सासूबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, हातभर गोंदलेल्या, आणि वऱ्हाडीशिवाय काही न बोलणाऱ्या. बाई त्यांना आत्याबाई म्हणत, मी आजी म्हणायचे. बाईंचे यजमान लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते, शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं घरी यायचे. शनिवारी जेवणाच्या टेबलावर रिव्हॉल्व्हरांचे कॅटलॉग पसरलेले असत आणि घरात जणू लग्नाच्या शालूची खरेदी चाललेली असे.

"अगं, चार इंची नळीचं घे," यजमान म्हणायचे. त्यांना मुळात आवाजाचीच भीती होती; दिवाळीत फटाके वाजले की ते आतल्या खोलीत जात. "आटोपशीर आहे. लहान दिसेल."

"दिसायचं कुणाला आहे, अहो? नेम धरायला नळीच्या या टोकाला खाच, त्या टोकाला छोटा उंचवटा, म्हणजे माशी. दोघींतलं अंतर जितकं जास्त, तितकी हाताची चूक आधी कळते. चार इंचीत चूक लपते."

"मग आठ इंची घे."

"आठ इंची स्पर्धेत चालत नाही."

"मग बघायची कशाला त्याची चित्रं?"

"घ्यायची नाही म्हणून बघायचीच नाही का?"

आजी हे सगळं ऐकत शेंगा सोलत बसलेल्या असत. एकदा त्यांनी कॅटलॉग स्वतःकडे ओढला. "हे पांढरं अन् हे काळं, इच्यात का फरक हाय?"

बाईंनी समजावलं. पांढरं म्हणजे स्टेनलेस स्टील. पुसलं नाही तरी चालतं, घामानं खराब होत नाही. तिसरं ते निकेलचा मुलामा दिलेलं, आरशासारखं. आणि काळं म्हणजे साधं पोलाद, त्याच्यावर मुद्दाम काळानिळा थर चढवलेला. "तोही गंजच आहे आत्याबाई, पण शिस्तीतला. तो थर असला की लाल गंज आत शिरत नाही. मात्र दर वेळी तेलाचा हात द्यावा लागतो."

"म्हंजे तव्यावानी."

"अगदी तव्यासारखं."

आजींनी निकेलच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे तं नाचणारीच्या पैंजनावानी दिसते." मग स्टेनलेसवर. "हे इस्पितळातलं." मग काळ्यावर बोट तसंच राहिलं. "हे घे. काळं हाय, आपल्यावानी. अन् तेल लावाले आपल्याले काय होते?"

बाईंनी तिथे हो-नाही काही केलं नाही. आजींचं मत ऐकून घेतलं आणि हाताचं मत घ्यायला दुकानात गेल्या.

दुकानातले ते शनिवार मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी दुकानदारानं मखमली कापडावर निकेलचं, आखूड नळीचं, मोत्यासारख्या मुठीचं एक रिव्हॉल्व्हर आणून ठेवलं. "बायकांना हे फार आवडतं."

बाईंनी ते उचललं नाहीच. "तीन इंचांहून आखूड नळी नेमबाजीच्या खेळात कायद्यानं चालत नाही. तुम्हाला माहीत आहे. मग मला का दाखवता?"

दुकानदार ओशाळला. "आल्झो," म्हणाला, म्हणजे बरं तर, आणि ते कापडासकट उचलून नेलं. त्यानंतर मात्र तो त्यांच्याशी गिऱ्हाईकासारखा नाही, कारागिरासारखा बोलू लागला.

चार इंची, सहा इंची, आठ इंची, तिन्ही नळ्या त्यांनी ओळीत मांडून घेतल्या. प्रत्येक हातात धरून, हात लांब करून, डोळे मिटायच्या. मग डोळे उघडून माशी कुठं गेली ते बघायच्या. चार इंची पटकन उचललं जाई पण टोक भिरभिरे. आठ इंची पुढं जड. थोड्या वेळानं मनगट खाली झुकू लागे. "ही सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी मान खाली घालते," त्या मला मराठीत म्हणाल्या. सहा इंची मात्र हातात येऊन बसलं आणि तिथेच राहिलं.

मग रंग. स्टेनलेस आणि काळं, दोन्ही सहा इंची, त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिली, मग ट्यूबलाइटखाली, मग दुकानदाराला दिवे बंद करायला लावून एकाच टेबल लॅम्पखाली. दुकानात आलेलं दुसरं गिऱ्हाईक अंधारात धडपडलं. "गेनाऊ!" बाई अंधारातून ओरडल्या, म्हणजे अगदी बरोबर. "बघा, दिवा वरून आला की स्टेनलेसच्या माथ्यावर रेघ चमकते. तीच नेमकी डोळ्यात जाते." दुकानदारानं स्वतः हात लांब करून बघितलं. मान डोलावली. पण धंद्याची म्हणून एक गोष्ट सांगितली. "फ्राउ डॉक्टर, काळ्याची काळजी घ्यावी लागते. घामाचं बोट राहिलं तरी डाग पडतो. स्टेनलेस आरामाचं."

"आराम मी रिटायर झाल्यावर करीन," बाई म्हणाल्या. "काळं."

एकच अडचण उरली. मूठ. ती मोठ्या पुरुषी पंजासाठी केलेली होती. बाईंचं बोट चापापर्यंत कसंबसं पोचे. दुकानदार म्हणाला, अक्रोडाची मूठ घडवून देतो, पण हाताचं माप अवघड असतं. पुढच्या शनिवारी बाईंनी सॅकमधून डबा काढला. मला वाटलं जेवणाचा. डब्यात घट्ट मळलेली कणीक होती. त्यांनी मूठ काढलेल्या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर, कापडाच्या चिंधीवरून, ती कणीक थापली आणि नेम धरताना धरतात तसं ते घट्ट धरून उभ्या राहिल्या. कणकेत त्यांच्या चार बोटांच्या खळग्या उमटल्या, तळव्याचा फुगवटा उमटला, अगदी अंगठ्याखालची रेघसुद्धा.

"हे घ्या माप. दोन दिवसांत करा, नाहीतर आंबेल."

दुकानदारानं ती कणीक दोन्ही हातांत घेतली, लहान बाळ घ्यावं तशी, आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोला हाक मारली. ती बघायला बाहेर आली. तिनं विचारलं, "यात मीठ असतं का?"

ते रिव्हॉल्व्हर घरी येण्याआधी त्याच्यासाठी पोलादी तिजोरी यावी लागली, तसा नियमच आहे. दोन माणसांनी ती घामाघूम होत दुसऱ्या मजल्यावर चढवली. यजमान जिन्यात उभे राहून विचारत होते, "स्लॅबला झेपेल ना?" आजींनी तिजोरीचं दार उघडून आत डोकावलं. "एवढी मोठी तिजोरी अन् गुंजभर सोनं नाही? माह्या पाटल्या तरी ठेव." बाईंनी ठाम नकार दिला, किल्ली त्यांच्याखेरीज कुणाच्या हाती जाऊन चालणार नव्हतं. आजी दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवशी बाई वर्तमानपत्र पसरून रिव्हॉल्व्हरला तेलाचा हात देत होत्या, तेव्हा आजी शेजारी येऊन बसल्या. "कोपऱ्यात राह्यलं बघ," म्हणाल्या. "तवा असाच खराब होते."

आजी परत जायच्या आधीच्या रविवारी फेराईनची अजिंक्यपद स्पर्धा होती. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या गटात बाई एकट्याच बाई होत्या. त्या गटात गेली कित्येक वर्षं शुट्झेनमाइस्टरच जिंकत आला होता, आणि सगळे ते गृहीतच धरून होते. यजमानांनी आम्हाला गाडीनं नेलं, पण आत आले नाहीत. "मी इथेच बरा," म्हणाले आणि काचा वर करून वर्तमानपत्र उघडलं. मी आणि आजी आत गेलो. हिरव्या कोटांच्या त्या गर्दीत आजी पांढऱ्या लुगड्यावर मुलाचा स्वेटर घालून पुढच्या बाकावर बसल्या. कुणीतरी त्यांच्या पदरावरूनच कानांवर संरक्षण चढवून दिलं. त्यांनी ते काढलं नाही, पण माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आधी सावकाश नेमाची फेरी झाली, मग वेळेची. वेळेच्या फेरीत म्हाताऱ्यानं आपल्या जागी उभं राहून कसलीही घाई न दाखवता सगळ्या गोळ्या मध्यावर मारल्या. लोकांनी बाकावर बुक्क्या मारून दाद दिली. मग बाई उभ्या राहिल्या. चष्मा पुसला. पाय किंचित रुंद केले. काळं रिव्हॉल्व्हर वर आलं आणि तिथेच थांबलं. मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येत नाही. माझं त्यांच्याशी नातं काय? एका ऑफिसातलं. पण त्या हिरव्या कोटांच्या मधोमध सलवार-कमीज घालून उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या बाईकडे बघताना माझी पाठ आपोआप ताठ झाली होती. आवाज झाले. आजी प्रत्येक आवाजाला मान हलवत होत्या, तबल्याला दाद द्यावी तशी.

कागद आणले गेले, भोकं तपासली गेली. पंचांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, मग कुजबुज झाली. बाई थोडक्यात जिंकल्या होत्या.

सगळे शुट्झेनमाइस्टरकडे पाहत होते. तो उठला, दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला. मग बाईंसमोर येऊन त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "पास्ट शो." शब्दशः बघाल तर त्याचा अर्थ 'ठीक आहे' एवढाच. पण आमच्या या फ्रांकेन भागात माणसं याच्यापुढे जाऊन कुणाचं कौतुक करत नाहीत. मुलगा डॉक्टर झाला तरी एवढंच म्हणतात. तेव्हा कुठं बाकांवर बुक्क्यांचा पाऊस पडला. बाईंच्या कमीजला पदक टोचलं गेलं आणि हातात प्रशस्तिपत्र आलं. बाई चक्क लाजल्या होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

सगळे कॉफीकडे वळले, तेव्हा आजींनी बाईंची ओढणी ओढली.

"मले ते हातात दे."

बाईंनी शुट्झेनमाइस्टरकडे पाहिलं. त्याला भाषा कळली नाही, पण म्हातारीचा पुढे केलेला हात कळला. त्यानं स्वतः चक्री उघडून रिकामी असल्याचं पाहिलं आणि रिव्हॉल्व्हर आजींच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं. आजींनी ते उलटंसुलटं केलं नाही. नुसतं तोललं.

"माह्या बापाले भरतीच्या लायनीतून काढलं होतं," त्या म्हणाल्या. "छाती मापली, उंची मापली, सारं बराबर. मंग जात इचारली. म्हणे, तुमची भरती बंद हाय. तुमच्या हातात बंदूक देता येत नाही. बाप पायी घरी आला. मले आठवते, लहान होती मी. आला अन् भिताडाकडे तोंड करून झोपला."

बाई त्यांच्याजवळ सरकल्या. "आत्याबाई, हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"कायले सांगू? तवा घरात बंदूक कुठं होती?"

म्हाताऱ्यानं विचारलं, काय म्हणतायत? बाईंनी जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. परिषदांमधून तास तास जर्मन बोलणाऱ्या बाई, पण जातीशी येऊन अडल्या. दोनदा सुरुवात केली. शेवटी एवढंच म्हणाल्या, "यांच्या वडिलांना सैनिक व्हायचं होतं. ते चांगले सैनिक झाले असते. त्यांना बंदूक दिली नाही."

"का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्यांचा जन्म चुकीच्या घरात झाला म्हणून."

म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. तो जाऊन एक नवा कोरा कागद घेऊन आला, तारेला लावला आणि खुणेनं आजींना पुढे बोलावलं. बाईंनी सरावाचं सगळ्यात हलकं काडतूस निवडलं. एकच. आजींना खुर्चीवर बसवलं, हाताखाली वाळूची पिशवी दिली. मागून बाईंनी त्यांच्या दोन्ही कोपरांना धरलं, त्यांच्याही मागे म्हातारा उभा राहिला. कॉफीचे कप हातात तसेच धरून सगळी मंडळी थांबली. आजींनी अक्रोडाच्या त्या मुठीत बोटं घातली. ती त्यांच्या हातात चांगली बसली.

"दाबू?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा, आत्याबाई."

आवाज झाला. कागदाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात, वर्तुळांच्या पार बाहेर, एक गोल भोक पडलं. आजी त्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लय आवाज करते बाप्पा!" आणि पदर सावरून उठल्या. कुणीतरी बाकावर बुक्की मारली, मग सगळ्यांनीच. त्या बुक्क्यांतून आजी ताठ मानेनं दरवाज्याकडे चालत गेल्या, आणि बाई हातात तो कागद घेऊन त्यांच्यामागून. प्रशस्तिपत्र कॉफीच्या टेबलावर तसंच राहिलं होतं. ते उचलून मी मागे धावले.

बाहेर यजमानांनी गाडीची काच थोडी खाली केली. "झालं का? कोण जिंकलं?"

बाईंनी तो कागद गाडीच्या बॉनेटवर उलगडला, दोन्ही हातांनी नीट सपाट केला आणि त्या कोपऱ्यातल्या भोकावर बोट ठेवलं.

"तुमच्या आई," त्या म्हणाल्या.